रुग्णालयाने सीटी, एमआरआय किंवा पॅक्सच्या पुरवठादाराशी केलेला करार लोकांसाठी खुला असावा का?

तुम्ही विचारलंय की असा करार जाहीर व्हावा, की व्यापारी गुपित म्हणून झाकलेला राहणंच योग्य. रुग्णालय लोकांच्या पैशावर चालत असेल तर तो जाहीर व्हायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. मी काही वर्षं एका रुग्णालयात पॅक्स सांभाळलं आहे. एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या प्रतिमा साठवून डॉक्टरांच्या पडद्यावर आणणारी ती प्रणाली.

लोक आधी किंमत विचारतात. मी म्हणेन, करार संपल्यावर प्रतिमांचं काय होणार ते कलम आधी वाचा. आम्ही पुरवठादार बदलायला निघालो तेव्हा कळलं, की जुना साठा बाहेर काढून देण्याचा उल्लेखच करारात नव्हता. त्या कामाचा दर ठरवणार होती तीच कंपनी, जिला आम्ही सोडत होतो. डायकॉम हे वैद्यकीय प्रतिमा साठवण्याचं आणि पाठवण्याचं सामाईक मानक १९९३ पासून आहे, त्यामुळे प्रतिमा कुठेही उघडतात असं सगळे धरून चालतात. त्या उघडल्याही. पण रेडिओलॉजिस्टांनी गाठींवर केलेल्या खुणा आणि घेतलेली मापं कंपनीने स्वतःच्या पद्धतीने वेगळी साठवली होती, ती आलीच नाहीत. एखादी गाठ दोन वर्षांत किती वाढली हे पाहायला जुनी प्रतिमा काढून पुन्हा मोजायची. रुग्ण तोवर बाहेर बसलेला. अशा चुका मी अजून विसरलेलो नाही, कारण दुसऱ्या एखाद्या रुग्णालयाचा करार समोर असता तर सहीच्या आधीच आम्ही हा प्रश्न विचारला असता.

देखभालीचंही तसंच. सीटीची एक्स-रे ट्यूब झिजते आणि ती महाग असते. ती देखभाल करारात धरली आहे का? बिघाड शोधायचं सॉफ्टवेअर फक्त कंपनीच्याच हातात आहे का? ‘यंत्र ९९ टक्के वेळ चालू राहील’ हे वाक्य छान वाटतं, पण वर्षाचे जवळजवळ ८८ तास यंत्र बंद राहिलं तरी ते पाळलं जातं. नियोजित देखभालीचे तास त्यातून वगळले असतील तर आणखी जास्त.

स्लोव्हाकियात २०११ पासून सरकारी करार ऑनलाइन प्रसिद्ध झाल्याशिवाय लागूच होत नाही. तिथेच २०१४ मध्ये पिएश्चानीच्या रुग्णालयाने घेतलेल्या सीटीची किंमत फुगवल्याचा आरोप झाला आणि संसदेच्या अध्यक्षांना व आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं.

झाकायचं तेही आहेच: रुग्णांची माहिती, नेटवर्कची रचना, दुरून प्रणालीत शिरण्याची व्यवस्था. किंमत मात्र नाही. दर उघड झाले तर कंपन्या छोट्या रुग्णालयांना मोठी सूट द्यायला कचरतील, ही भीती खोटी नाही. तरीही आज विकणाऱ्याला सगळ्या रुग्णालयांचे दर ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला फक्त स्वतःचा, हे मला जास्त घातक वाटतं.

तुम्ही करार मागणार असाल तर परिशिष्टं आणि नंतरच्या दुरुस्त्याही नावानिशी मागा. मूळ मसुदा बहुतेक छापील साच्यातला असतो. दर, सेवेच्या अटी आणि दंड मागच्या पानांत असतात.