जुनी जिप्सी घेताना: आधी चासी, मग कागद, इंजिन सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीकडची २००६ सालची मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारं इंजिन), सॉफ्ट टॉप (कापडी छत). इंजिन नुकतंच बांधलेलं, नवे मोठे टायर, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), खालून ताजं काळं कोटिंग. मालक इंजिनाच्या कामाची बिलं दाखवतोय आणि किंमतही त्याच हिशेबाने सांगतोय. बघायला जाताना काय काय तपासायचं?

मी उलट्या टोकापासून सुरुवात करतो. या गाडीत इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करा. १.३ लिटरचं हे इंजिन मारुतीच्याच एस्टीम कारमधल्या इंजिनाच्याच घराण्यातलं आहे, त्यामुळे मारुतीवर हात बसलेला कुठल्याही तालुक्याच्या गावचा मिस्त्री ते उघडून बांधू शकतो. गिअरबॉक्स, डिफरन्शियल (अ‍ॅक्सलमधली, दोन्ही चाकांना ताकद वाटणारी गिअरची जोडणी), पाटे (स्प्रिंग), ब्रेक हे सगळं मिळतं आणि बदलता येतं. सैन्याने ही गाडी इतकी वापरली आहे की सुट्या भागांचा बाजार अजून जिवंत आहे. पण कुजलेली चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि बिघडलेले कागद या दोन गोष्टींना इलाज नाही. म्हणून पहिला अर्धा तास बॉनेट उघडूच नका.

आधी गाडी नक्की कुठली ते ओळखा, कारण विकणारे सर्रास सगळ्यांनाच 'किंग' म्हणतात. जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली तेव्हा तिला ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवलं. १९९६ मध्ये १.३ लिटरचं कार्ब्युरेटरवालं इंजिन आणि पाच गिअर घेऊन किंग आली, आणि २००० मध्ये १६ व्हॉल्व्हचं, ८० बीएचपीचं एमपीएफआय. आरसीवरचं साल, इंजिन आणि समोर उभी गाडी यांचा मेळ बसला पाहिजे. जुन्या गाडीत नंतरचं इंजिन बसवलेलं पुष्कळदा दिसतं. तसं असेल तर नवा इंजिन नंबर आरसीवर चढवलाय का, हाच खरा प्रश्न.

आता चासी. कोकणातल्या जुन्या गाडीखाली ताजं काळं कोटिंग दिसलं की मला काळजी वाटते. खारी हवा, चार महिने पाऊस आणि चिखल यांत वर्षं काढलेल्या गाडीला मालकाने विकायच्या आधी कोटिंग का मारलं असेल, याचा विचार करा. हेतू चांगलाही असेल, पण त्याखाली काय आहे ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सोबत टॉर्च, छोटी हातोडी, जाड स्क्रू-ड्रायव्हर, लोहचुंबक आणि खाली अंथरायला जुनी चादर घ्या. शक्य असेल तर गाडी रॅम्पवर घ्यायला लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, घोडे (लोखंडी स्टँड) लावूनच शिरा.

जिप्सीची चासी पोकळ पेटीसारखी आहे. भोकांतून चिखल-पाणी आत जातं, आतच साचतं आणि पत्रा आतून खात जातं. त्यामुळे बाहेरून रंग तुकतुकीत आणि आत भुसा, असं होऊ शकतं. पूर्ण लांबीवर हातोडीने हलके ठोके मारत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज ठणठणीत येतो, कुजलेल्याचा बोदा. आवाज बदलला तिथे स्क्रू-ड्रायव्हर जोर देऊन टेकवा. सगळ्यात जास्त वेळ मागच्या पाट्यांची टोकं जिथे चासीला अडकतात त्या हँगर आणि शॅकलपाशी द्या, मग मागचा आडवा मेंबर, पुढच्या चाकांच्या मागचा भाग आणि बॉडी जिथे रबर माउंटवर बसते ते ब्रॅकेट. या जागी पत्र्याचे तुकडे वेल्ड केलेले दिसले, विशेषतः पाट्याच्या हँगरजवळ, तर माझा सल्ला सरळ आहे: गाडी सोडून द्या. पुढच्या ऑफरोड फेरीत तोच जोड सगळा भार घेणार आहे.

मालक स्क्रू-ड्रायव्हर लावू देत नसेल तर तेही उत्तरच समजा.

बॉडीचा गंज वेगळा, तो परवडतो. मॅट उचलून पायाखालचा पत्रा बघा, मागच्या चाकांच्या कमानी, काचेच्या फ्रेमची खालची कड, टेलगेटचा तळ बघा. लोहचुंबक फिरवला की लांबी (पुट्टी) कुठे भरली आहे ते कळतं. हे सगळं पत्रा मारून नीट होतं, भाव पाडायला उपयोगी पडतं. अपवाद एकच: सीट बेल्टचे बोल्ट जिथे बसतात तिथला पत्रा कुजलेला असेल तर ती दुरुस्ती पहिल्याच आठवड्यात करायची आहे.

चासी वाकली आहे का याची सोपी परीक्षा आहे. टायर ओले करा आणि सपाट कोरड्या रस्त्यावर कुणाला तरी गाडी सरळ चालवायला सांगा. मागच्या चाकांचे ठसे पुढच्यांवर दोन्ही बाजूंनी सारखे पडले पाहिजेत. एकाच बाजूला सरकत असतील तर गाडी कधीतरी जोरात आपटली आहे, किंवा पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल जागचा हलला आहे. दुसरं स्वस्तात सुटतं, पहिलं नाही.

कागदांचं आता. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २००६ ची गाडी म्हणजे पहिली मुदत २०२१ ला संपली, तेव्हा नूतनीकरण झालं असेल तर ते २०२६ पर्यंतचं. आरसीवरची वैधतेची तारीख स्वतः वाचा आणि सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर ताडून बघा. कारच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढली, उशीर झाला तर महिन्यागणिक दंड, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. मुदत संपलेली गाडी 'नंतर करून देतो' या शब्दावर घेऊ नका. नूतनीकरण मालकाच्याच नावावर होऊ दे, मग व्यवहार करा.

चासी नंबरवरचा चिखल पुसून आकडे एकेक करून आरसीशी जुळवा. पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला नंबरचा ठसा) स्पष्ट उमटली पाहिजे, कारण आरटीओत तीच मागतील. गंजाने आकडे खाल्ले असतील किंवा आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील तर पुढे जाऊच नका. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलानं, आधीच्या मालकांची संख्या हे सगळं त्याच दिवशी बघून घ्या. सैन्याच्या लिलावातली गाडी असेल तर लिलावाच्या कागदांपासून आजच्या मालकापर्यंतची साखळी अखंड हवी. आणि दिल्लीकडून आलेली स्वस्त गाडी कुणी दाखवली तर लक्षात ठेवा: तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी आल्यामुळे त्या इकडे ढकलल्या गेल्या. फॉर्म २८ ची एनओसी प्रत्यक्ष हातात असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

मोठे टायर आणि विंचबद्दल. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल नोंदणीत चालणार नाही. नूतनीकरणाच्या तपासणीला ही गाडी कशी उभी राहणार ते मालकाला विचारा. मूळ टायर, रिम, बंपर त्याच्याकडे असतील तर ते किमतीतच मागून घ्या. मला विचाराल तर कुणी हातही न लावलेली, रंग उडालेली गाडी सजवलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. मोठ्या टायरचा भार स्टिअरिंग, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ), व्हील बेअरिंग आणि डिफरन्शियल या सगळ्यांवर येतो.

तोच भार तपासायला पुढचा अ‍ॅक्सल उचला. टायरला वर आणि खाली, घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिनचं बेअरिंग. किंगपिन गेलेली जिप्सी ठरावीक वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग हातातून सुटेल इतकी थरथरते. ही थरथर चाचणीत दिसली तर 'बॅलन्सिंग केलं की जाईल' हे उत्तर मान्य करू नका. चाकामागच्या गोल नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) ग्रीसऐवजी पातळ तेल ओघळत असेल तर आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय. मागच्या ड्रमच्या आतून ओल दिसली तर तिथेही तेच, आणि ते तेल ब्रेक लायनरवर येतं.

फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) चालतं का, हे डांबरी रस्त्यावर बघू नका. या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारं मधलं डिफरन्शियल नाही, त्यामुळे कडक रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये वळवली की सगळी ओढाताण शाफ्ट आणि क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यांवर) येते. आधी उभ्या गाडीत हब (पुढचं चाक शाफ्टला जोडणारा-सोडणारा भाग) बघा. हाताने फिरवायचे हब असतील तर पुढचं चाक उचलून हब फ्रीवर ठेवा, फक्त चाक फिरलं पाहिजे. लॉक केला की त्यासोबत आतला शाफ्टही फिरला पाहिजे. दोन्ही बाजूंना करून बघा, एकाच बाजूचा हब गेलेल्या गाड्या पुष्कळ भेटतात.

मग मऊ मातीच्या चढावर जा. गाडी थांबवून फोर-लो (चारही चाकांचा हळू, जास्त ताकदीचा गिअर) टाका, पहिल्या गिअरमध्ये चढवा आणि त्याच गिअरमध्ये ब्रेक न लावता उतरवा. उतरताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडा. लिव्हर उडून न्यूट्रलला आला तर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) उघडावी लागणार. उतारावर अशी सुटलेली गाडी म्हणजे इंजिनाचं ब्रेकिंगच गेलं, त्यामुळे पाय ब्रेकजवळ तयार ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना खालून 'ठक' आवाज येत असेल तर आधी ट्रान्स्फर केसची रबर माउंटिंग बघा, मग प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. माउंटिंग स्वस्त आहेत.

दोन्ही डिफरन्शियलचे फिलर प्लग उघडून बोट घालून तेल बघा. दुधट असेल तर गाडी ओढ्यात खोल उतरली आहे आणि नंतर तेल बदललेलं नाही. बोटाला चमचमते कण लागले तर दात झिजताहेत.

शेवटी इंजिन. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड होईपर्यंत थांबा, चाचणी थंड इंजिनावरच. 'बांधलंय' म्हणजे काय केलंय ते बिलात वाचा: बोअरिंग, पिस्टन, बेअरिंग, टायमिंग बेल्ट, की फक्त हेड गॅस्केट आणि रंग? चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मिस्त्रीकडून मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला तर तेल जळतंय. गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवून तापमानाचा काटा बघा.

भाव करताना इंजिनाच्या बिलाचे वेगळे पैसे देऊ नका, ते काम आधीच्या मालकाच्या वापराने करावं लागलं होतं. तुमच्या एकूण बजेटचा चौथा भाग बाजूला ठेवा. सगळी तेलं, बेअरिंग, सील, ब्रेक, होज यांत तो जातोच. सौदा झाला तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या आणि तीस दिवसांच्या आत गाडी नावावर करा.

रत्नागिरीला जाऊन आलात की मागच्या शॅकलचे आणि आडव्या मेंबरचे जवळून काढलेले फोटो इथे टाका, कोटिंग खरवडलेल्या जागेसकट. त्यावरून पुढचं बोलू.