कानाच्या ऑपरेशननंतर तोंड वाकडं झालंय, बरं होईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचं मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन झालं, शुद्धीवर आले तेव्हा चेहरा ठीक होता आणि चौथ्या दिवशी डावा डोळा मिटेना, चूळ भरताना पाणी बाहेर यायला लागलं. यातलं 'आधी ठीक होता' हे डॉक्टरांना पहिलं सांगा, आजच सांगा. चेहरा हलवणारी नस कानातूनच, हाडाच्या बारीक बोगद्यातून जाते, ती ऑपरेशनमध्ये कापली गेली असती तर तोंड त्याच दिवशी वाकडं दिसलं असतं. उशिरा होतं ते बहुतेक वेळा सुजेमुळे किंवा नसेत दबून बसलेला व्हायरस परत उठल्यामुळे, आणि त्यातले बहुतेक जण काही आठवड्यांत, महिन्यांत बरे होतात.

माझ्या भावाचं ठाण्यात असंच झालेलं. लहानपणापासून कान वाहायचा, आत हाड खाणारी कातडी वाढलेली, कोलेस्टिटोमा, त्यात नसेवरचं हाडही कधीकधी झिजून नस उघडी पडते. घरी सगळे म्हणे वारं गेलं, तेल चोळा, पण आम्ही ताज्या टाक्यांजवळ काहीही चोळू दिलं नाही. डॉक्टरांनी कानात भरलेलं पॅकिंग सैल केलं, स्टेरॉइड दिलं (मिस्टरांना शुगर असेल तर आधी सांगा हं) आणि हळूहळू हसू परत आलं.

पण खरी काळजी घ्या डोळ्याची. चेहरा उशिरा का होईना बहुतेक वेळा सुधारतो, पण बुबुळ कोरडं पडून जखम झाली तर नजर कायमची अधू होऊ शकते. दिवसा ड्रॉप्स, रात्री मलम लावून पापणी पूर्ण मिटवून टेप, हे सगळं डॉक्टरांकडून शिकून घ्या, आणि ऐरोलीहून ट्रान्स हार्बर लोकलने जाणार असतील तर दारात वाऱ्याला अजिबात नाही, गॉगल लावूनच. डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

नसेची टेस्ट पहिल्या तीन दिवसांत काही सांगत नाही, कारण तुटलेली नससुद्धा तेवढे दिवस करंट पुढे नेते, त्यामुळे लगेच केली नाही म्हणून घाबरू नका.

दुसरं कोणी वाचत असेल आणि पेशंट शुद्धीवर आला तेव्हापासूनच ऑपरेशनच्या बाजूचा चेहरा हलत नसेल तर गोष्ट वेगळी आहे. भुलीच्या इंजेक्शनचा असर काही तासांत उतरतो, त्यानंतरही हललं नाही तर 'पंधरा दिवसांनी बघू' ऐकून घरी जाऊ नका, सर्जननी स्वतः येऊन बघायला हवं, कधीकधी कान परत उघडावा लागतो.

आणि ताई, रोज एकाच उजेडात डोळे मिटताना, भुवया उचलताना, दात दाखवताना मिस्टरांचा व्हिडिओ काढून ठेवा, पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना फरक लगेच कळेल.