कण्हेर ठेवावी की काढावी? शोभेच्या फुलझाडांविषयी प्रश्नोत्तरे

शोभेच्या फुलझाडांबद्दल अलीकडे बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले पाच इथे घेतो, कारण यांतली झाडे जवळपास प्रत्येकाच्या बांधावर, कुंपणाला किंवा दारात असतात.

प्रश्न : फुलाचा फोटो पाठवला आहे. पिवळे, घंटेसारखे फूल आहे. झाड कोणते आणि घराजवळ लावावे का?

फोटो छान आला आहे, पण त्यात फक्त फूल आहे. तेवढ्यावरून नाव सांगणे धोक्याचे आहे. पिवळ्या घंटेसारखी फुले येणारी तीन झाडे बागांत सर्रास दिसतात आणि तिन्हींचे गुण पार वेगळे. पहिली पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी. ती अत्यंत विषारी. दुसरा अलामांडा. त्याचा चीक अंगाला लागला तर खाज सुटते, पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात, पण बिट्टीइतका तो जीवघेणा नाही. तिसरा टेकोमा. त्याचे विषाचे भय नाही, मात्र तो बागेत थांबत नाही, बाहेर पसरतो.

ओळख पानांवर करा. बिट्टीची पाने लांब, अरुंद, चकचकीत असतात आणि फांदीवर एकेक करून, आलटून-पालटून लागतात. अलामांडाची पाने एकाच पेरावर तीन-चार मिळून चक्रासारखी येतात. टेकोमाचे पान संयुक्त असते, कडुलिंबासारखे दातेरी कडांच्या पर्णिकांचे, आणि पाने समोरासमोर असतात. फळही पाहा. बिट्टीचे फळ हिरवे, मांसल, कंगोरे असलेले असते आणि पिकल्यावर काळे पडते. अलामांडाचे बोंड गोल आणि काटेरी. टेकोमाला लांब, बारीक शेंगा लागतात, त्यांत कागदासारखे पंख असलेले बी असते आणि ते वाऱ्यावर दूर जाते. पान तोडल्यावर पांढरा चीक आला, तर टेकोमा नाही हे नक्की. चीक पाहताना हातमोजे घाला, नसतील तर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.

यापुढे फोटो पाठवताना पान फांदीवर कसे बसले आहे ते, पानाची खालची बाजू आणि फळ, हे तिन्ही पाठवा. फूल सगळ्यांत शेवटी. तोपर्यंत लहान मुले खेळतात तिथे हे झाड लावू नका.

प्रश्न : शेताच्या कडेला लाल-पांढऱ्या कण्हेरीचे कुंपण आहे. छाटणीनंतर आमचे वासरू दगावले. सगळी कण्हेर उपटून टाकावी का?

दादा, वासराचे ऐकून वाईट वाटले. कारण निश्चित करायला पशुवैद्यकांची तपासणी लागते, पण तुम्ही लिहिलेला क्रम, म्हणजे छाटणी आणि मग लगेच मृत्यू, कण्हेरीकडेच बोट दाखवतो. कण्हेरीचे पान, फूल, खोड, मूळ, सगळेच विषारी. त्यातल्या ओलिअँड्रिनसारख्या द्रव्यांचा घाला थेट हृदयावर होतो. मोठ्या जनावराच्या जिवालाही 10 ते 20 पाने पुरू शकतात. वासराला त्याहून कमी.

उभ्या कण्हेरीला जनावर सहसा तोंड लावत नाही, कारण ताजे पान कडू असते. छाटलेली फांदी कोमेजली, वाळली की कडूपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. वाळकी पाने वैरणीत मिसळली तर जनावराला कळतही नाही. म्हणून मी पाहणीला गेलो की कुंपणाआधी छाटलेल्या फांद्या कुठे पडल्या आहेत ते पाहतो.

उपटायची गरज नाही. कण्हेर कमी पाण्यावर जगते, रखरखीत उन्हात फुलते, आणि जिथे जनावरे मोकळी फिरत नाहीत तिथे ती उत्तम फुलझाड आहे. पण गोठ्याजवळ, चराईच्या वाटेवर, पाण्याच्या हौदाच्या वर ती नको. तिथली काढाच. बाकीची ठेवलीत तर बहर ओसरल्यावर छाटा, फुले नव्या फुटीवर येतात. छाटणीचे सगळे मोजून गोळा करा आणि जनावर उकरणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरा. जाळू नका, तिचा धूरही विषारी असतो. कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दिसेल. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन निघतो, लगेच औषध मारायला धावू नका.

जनावराने खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लाळ, हगवण, अडखळणारी नाडी यांची वाट पाहू नका. पशुवैद्यकांना बोलावा आणि झाडाची फांदी त्यांना दाखवा. माणसाच्या बाबतीतही हेच : फांदी पिशवीत घालून थेट रुग्णालय गाठा, घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका.

प्रश्न : रोपवाटिकेतून रंगीत ‘लँटाना’ आणला. शेजारी म्हणतात ही तर घाणेरी. खरे काय?

ताई, शेजारी बरोबर सांगतात. घाणेरी, टणटणी आणि लँटाना ही एकाच झाडाची नावे. पान चुरगळून वास घ्या, खोडाचे चार कोन आणि त्यावरचे बारीक आकडे बोटाने तपासा, पाने समोरासमोर आणि खरखरीत आहेत का ते पाहा. एकाच गुच्छात आतली फुले पिवळी आणि बाहेरची गुलाबी किंवा लाल दिसतात, कारण फूल जुने होईल तसा रंग बदलते.

या झाडाची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण त्याला माणसाने हौसेनेच वाढवले. ते मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले. सतराव्या शतकात ते युरोपात गेले, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले, बागकाम करणाऱ्यांनी रंगांसाठी त्याचे संकर केले आणि मग शोभेचे रोप म्हणून ते जहाजांतून आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियात पोचले. संकरातून आलेली विविधता त्याला जागोजाग रुजायला कामी आली. पक्ष्यांनी फळे खाल्ली आणि बी रानात नेले. आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत ते आहे.

इथे कण्हेरीचा आणि घाणेरीचा फरक लक्षात घ्या. कण्हेर विषारी आहे, पण तिला जागा ठरवून देता येते. घाणेरी विषारीही आहे आणि जागाही पाळत नाही. तुमच्या दारातल्या झुडपाचे बी दोन कोस लांबच्या कुरणात उगवते, आणि तिथे तुमची नजर नसते. म्हणून कण्हेर ठेवा म्हणणारा मी, घाणेरी काढा म्हणतो. काही वाणांना फळे धरत नाहीत असे सांगून ते विकले जातात. त्यांचे परागकण रानातल्या घाणेरीला मिळू शकतात, त्यामुळे मला तेही पटत नाहीत.

काढताना वरून कापू नका, कापलेले खोड दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखाली तीन-चार बोटांवर, जिथे खोड संपून मूळ सुरू होते, तिथे कुदळीने तोडा आणि झुडूप मुळ्या वर करून उलटे ठेवा. फळे धरण्याआधी हे काम उरका. मोकळी झालेली जागा तशीच सोडू नका, तिथे लगेच गवत पेरा. पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढची काही वर्षे रोपे उगवत राहतील, ती हातानेच उपटा.

घाणेरी खाल्लेल्या जनावराचे यकृत बिघडते. ते खाणे सोडते, डोळे पिवळे पडतात, आणि अंगावरच्या पांढऱ्या भागाची कातडी उन्हाने सोलते. अशा जनावराला आधी सावलीत बांधा, मग पशुवैद्यकांना कळवा.

प्रश्न : शेततळ्यात जांभळ्या फुलांची जलपर्णी सोडली आहे. वाढू द्यावी का?

नाही. आजच काढा. अनुकूल हवामानात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे टिकते, म्हणून फुले गळायच्या आत बाहेर निघाली पाहिजे. काढलेली रोपे पाण्यापासून दूर, उन्हात पूर्ण वाळवा. ओढ्यात किंवा कालव्यात टाकलीत तर खालच्या प्रत्येक गावाला तुमची जलपर्णी पोचेल. आठ दिवसांनी काठाकाठाने फिरून राहिलेले एकेक रोप उचला. तळ्यात फुले हवीच असतील तर कुमुदिनी कुंडीत लावून ती कुंडी पाण्यात ठेवा.

प्रश्न : कळलावीची लागवड करायची आहे. घरात लहान मुले आहेत. काय काळजी घ्यावी?

कळलावी, म्हणजे अग्निशिखा, ओळखायला सगळ्यांत सोपी : पानाचे टोकच ताणा होऊन आधाराला गुंडाळते. मागे वळलेल्या, पिवळ्यातून लाल होत जाणाऱ्या पाकळ्या पाहून ती कुणालाही हवीशी वाटते. ती झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल आणि तमिळनाडूचे राज्यफूल आहे. आफ्रिका आणि आशियात ती मूळचीच, ऑस्ट्रेलियाच्या किनारी वाळूत मात्र तीच वेल तण म्हणून उपटावी लागते.

तिला निचऱ्याची जमीन हवी, पाणी साचले की कंद कुजतो. कंद इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दुबेळका असतो. त्याचा डोळा टोकाला असतो आणि तो फार नाजूक. हाताळताना टोक मोडले तर ती बाजू फुटत नाही, म्हणून कंद टोपलीत ओतू नका, एकेक ठेवा. पावसाच्या सुरुवातीला लावा आणि वेल चढायला जाळी किंवा काटक्या आधीच रोवून ठेवा. बियाण्यासाठी लागवड असेल तर परागीभवन हाताने करावे लागते, कारण तिची परागवाहिनी, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, काटकोनात वळून पुंकेसरांपासून दूर जाते. वेल वाळली की कंद विश्रांती घेतात, त्या काळात पाणी तोडा.

आता विषाचे. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. औषध उद्योगाला ती हवी ती याच द्रव्यासाठी, आणि माणसाला मारणारेही तेच. कंद शिजवला तरी विष जात नाही. खाल्ल्यावर पहिले काही तास काहीच वाटत नाही, मग उलट्या-जुलाब सुरू होतात आणि त्यानंतर शरीरातले एकेक अवयव निकामी होऊ लागतात. त्यामुळे ‘मूल ठीक दिसते आहे’ म्हणून थांबू नका. कंद चघळल्याचे कळताच निघा.

कंद काढताना आणि बी सोलताना हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा. हे काम जेवणाच्या ओट्यावर किंवा मुलांच्या हाती देऊ नका. सर्वांत महत्त्वाचे साठवणीचे : हा कंद रताळ्यासारखा किंवा कोनफळासारखा वाटून खाल्ला गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पोत्यावर नाव आणि ‘विष’ असे मोठ्या अक्षरांत लिहा, पोते कुलपात ठेवा, आणि जिथे घरातले कांदे-रताळी असतात त्या खोलीत ते एका रात्रीपुरतेही आणू नका.