आधी एका मेसचे खाडे वहीत लिही

प्रिय मुली,

मेससाठीच्या तुझ्या अ‍ॅपच्या, तू पाठवलेल्या स्क्रीन पाहिल्या. खाडा, म्हणजे न जेवलेली वेळ, टाकायचं बटण, आजचा मेनू, रेटिंग, वॉलेट, सगळं आहे. डेव्हलपर अ‍ॅडव्हान्स मागतोय आणि 'सुरू करू की थांबू' यात तुझी झोप उडाली आहे. सुरू कर. पण अ‍ॅप नाही, काम सुरू कर. अ‍ॅप जे करणार आहे, ते आधी स्वतःच्या हाताने कर आणि त्याचे पैसे घे.

गूगल फॉर्मवर सगळ्यांनी 'हो, वापरू' म्हटलं, हे तू पुन्हा पुन्हा लिहिलं आहेस. अगं, फुकट 'हो' म्हणायला कुणाचं काय जातं? सदाशिव पेठेत एमपीएससी करणाऱ्या पोरांना विचार: गेल्या महिन्यात किती खाडे पडले? कळवलेस का? पैसे वळते झाले का? पुढे काय करशील ते विचारू नकोस, मागे काय केलंस ते विचार.

आणि मेसवाल्या काकू? त्यांना तू विचारलंच नाहीस, याचा मला खरोखर राग आला. महिन्याचे पैसे आगाऊ येतात. न कळवलेला खाडा त्यांच्या पदरात पडतो, कळवलेला पुढच्या महिन्यात वळता करावा लागतो. म्हणजे तू पोरांचे जे पैसे वाचवणार, ते काकूंच्या गल्ल्यातून. मग त्यांनी तुझं अ‍ॅप का घ्यावं? कणीक भिजवायच्या आत जेवणाऱ्यांचा पक्का आकडा मिळाला, तर पोळ्या-भाजी उरून वाया जाणार नाही, एवढ्या एकाच कारणासाठी. ती बचत वळत्या पैशांपेक्षा मोठी आहे का? तुझा अख्खा धंदा या प्रश्नावर उभा आहे आणि त्याचं उत्तर कोडमध्ये नाही.

बसची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या रेडबसवाल्यांनी 2006 मध्ये बंगळुरात आधी बसमालकांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. मालकांनी ते घेतलं नाही. मग मोजक्या सीटा मागून घेतल्या, त्या विकून दाखवल्या, तेव्हा गाडी रुळावर आली. हॉटेलचं जेवण घरपोच देणारं डोअरडॅश 2013 मध्ये अमेरिकेत पालो अल्टोत सुरू झालं, तेव्हा एक साधं वेबपेज होतं. त्यावर हॉटेलांच्या मेनूच्या पीडीएफ आणि एक फोन नंबर. ऑर्डर घ्यायला आणि डबे पोचवायला ते सुरू करणारी स्टॅनफर्डची पोरंच. हाताने केलं, पैसे घेतले.

तूही एकच मेस धर. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप कर, सकाळी आणि दुपारी विचार 'कोण जेवणार नाही?', आकडा काकूंना वेळेत दे, खाडे वहीत लिही. महिनाभर. पहिल्याच दिवशी काकूंना सांग, महिनाअखेर तीनशे रुपये घेईन. संकोच वाटेल. तरी सांग. 'छान आहे गं बाळा' ही पावती नव्हे, तीनशे रुपये ही पावती. आणि कितपत जमलं तर पुढे जायचं, हे आजच लिहून ठेव. नंतर मन सोयीचे अर्थ लावतं.

मी पोरांच्या उत्साहावर पाणी ओततो, असं माझ्याबद्दल बोलतात. बोलोत. आईबापाच्या ठेवी मोडून बांधलेली, कुणीच न उघडलेली अ‍ॅप मी पाहिली आहेत. ती पोरं हुशार होती, तुझ्याइतकीच. त्यांना कुणी दटावून थांबवलं नाही, म्हणून मी थांबवतो, आणि थांबवत राहणार.

काकूंनी पैसे दिले किंवा नाही दिले, दोन्ही वेळा मला फोन कर. तोवर डेव्हलपरला एक रुपया देऊ नकोस.