वसतिगृहाच्या नव्या रेक्टरला

सेमिस्टरचा निकाल लागला की मेसकडे लक्ष ठेव. जो मुलगा दोन दिवस जेवायला उतरला नाही, त्याच्या खोलीवर स्वतः जा. ऑफिसात बोलावू नकोस. अभ्यासाचं नको, "झोप लागते का रे?" एवढंच विचार. मग तो बोलेपर्यंत गप्प बस. (हे मला फार उशिरा जमलं.) जीव नकोसा झालाय का, हेही सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोरगं मोकळं होतं. हो म्हणाला, तर क्षणभरही एकटं सोडू नकोस. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही हेल्पलाइन २०२२ पासून आहे. मोफत, रात्रीही चालते, मराठीतही बोलता येतं. त्याच्या शेजारी बसूनच फोन लाव. घरी कळवावं लागेलच, पण आधी त्याला सांगून.