भिंतीवरचा तो चित्ता नव्हे

प्रश्न असा आला आहे: मेक्सिकोतल्या 'ओक्साका' शहरात एका घराच्या भिंतीवर पिवळ्या अंगाचं, काळ्या ठिपक्यांचं भलंमोठं जनावर रंगवलेलं आहे. फोटोखाली मराठीत ओळ आहे, 'चित्त्याचं सुंदर फ्रेस्को'. हे बरोबर का, आणि अशा चित्राला आपण म्हणावं काय?

आधी गावाचं नाव नीट घेऊ. वाहाका. स्पॅनिश लेखनातला (Oaxaca) तो एक्स इथे 'ह' वाचतात, México मधला वाचून 'मेहिको' म्हणतात तसाच. सोळाव्या शतकात त्याच अक्षराचा उच्चार 'श' होता. मूळ नाव नाउआत्ल या अ‍ॅझ्टेकांच्या भाषेतलं, 'वाश्याकाक', म्हणजे 'वाशिन'च्या झाडांच्या नाकाशी, टोकाशी. हे वाशिन आपल्या सुबाभळीच्या कुळातलं. तशाच लांब चपट्या शेंगा, फक्त तिकडे त्यांतल्या बिया आवडीने खातात.

आता चित्ता. ही चूक मराठीत इतकी मुरली आहे की बिबट्या, जग्वार, ओसेलॉट, जे काही ठिपकेवालं दिसेल ते चित्ता! मेक्सिकोच्या रानात चित्ता नाही. भिंतीवर आहे तो जग्वार. ओळखायचं कसं? कुशीवरचे ठिपके बघा. चित्त्याचे ठिपके भरीव असतात, शाईचं बोट टेकवल्यासारखे, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत काळी रेघ उतरते. बिबट्याच्या अंगावर ठिपके नसून तुटक कडी असतात, लहान, दाट, मधून मोकळी. जग्वारची कडी मोठी, संख्येने कमी, आणि त्यांच्या पोटात पुन्हा एकदोन काळे टिपके. डोकं जड, पाय आखूड, शेपूट बिबट्यापेक्षा तोकडं. घोळ होतो तो फोटो कापल्यामुळे. नुसतं तोंड आणि पंजे दिसले तर बिबट्या आणि जग्वार दोघांचेही ठिपके तिथे भरीवच असतात, आणि बघणारा 'चित्ता' म्हणून मोकळा होतो. चित्रकारही फसतो. अंगाला गेरूमिश्रित पिवळा देऊन झाला, वर चार-पाच फटकाऱ्यांत तुटकं कडं काढलं, पण आतले टिपके राहिले, की वाहाकाच्या भिंतीवर आपला जुन्नरचा बिबट्या उभा राहतो. या फोटोतल्या चित्रकाराने टिपके सोडलेले नाहीत. मागच्या मांडीवरच्या एका कड्यात तर तीन टिपके स्पष्ट मोजता येतात.

'चित्ता' हा शब्द 'चित्रक', 'चित्रकाय' यांवरून आला, ज्याच्या अंगावरच चित्र आहे तो. छानच आहे, सगळ्यांना ठाऊकही आहे. पण खरी गंमत 'बिबट्या'त आहे आणि तिकडे कोणी बघत नाही.

संस्कृतात बिबट्याला 'द्वीपिन्' म्हणतात. द्वीप म्हणजे बेट. द्वि आणि अप्, दोन्हीकडे पाणी. (ह्रस्व 'द्विप' म्हणजे हत्ती, आधी सोंडेने आणि मग तोंडाने असा दोनदा पिणारा. ते वेगळं.) द्वीपिन् म्हणजे अंगभर बेटं असलेला. काळं कडं हे पाणी, आत पिवळी जमीन! ज्याने हा शब्द घडवला त्याने ते कातडं हातात घेऊन पाहिलं असणार. पतंजलीच्या महाभाष्यात 'चर्मणि द्वीपिनं हन्ति' असं उदाहरण आहे, कातड्यासाठी द्वीपी मारतात. कातडं हीच त्याची ओळख होती.

आता हा 'द्व' मराठीत काय होतो ते पाहा. द्वादशचे बारा, द्वाविंशतिचे बावीस, द्वितीयेची बीज, आणि पाढ्यातलं बे. मग द्वीपीचा 'बीवी', पुढे शेजारच्या ब-मुळे 'बिब', आणि त्याला -ट्या किंवा -ळ्या लागून बिबट्या, बिबळ्या. द्वारचं दार होतं, द्वीपाचं दीव होतं, हा आक्षेप मला मान्य आहे. पण 'दोन'च्या कितीतरी शब्दांत ब उमटला आहे, आणि द्वीपात तो दोन आहेच. माझं मत याच बाजूने आहे.

बिब्ब्याच्या डागावरून बिबट्या, असं ठासून सांगणारे मात्र कातडं न पाहता बोलतात. बिब्ब्याचा डाग भरीव पडतो, कडं पडत नाही. त्यांच्या हिशेबाने चित्त्याला बिबट्या म्हणायला हवं. आणि अमरकोश? 'शार्दूलद्वीपिनौ व्याघ्रे' म्हणत त्याने पट्टेवाला आणि बेटवाला एकाच दावणीला बांधले. कोशकार म्हणून अमरसिंह थोर, पण इथे त्याने रानातला फरक पुसला.

अर्थात लोकभाषेत हे सगळीकडे होतं. आपल्याकडे गावात 'वाघ आला' म्हणतात तेव्हा पुष्कळदा तो बिबट्या असतो. मेक्सिकोच्या खेड्यांतही जग्वारला 'तिग्रे' म्हणतात, आणि नाचातल्या त्याच्या सोंगाला 'तेकुआनी': ते म्हणजे कोणा माणसाला, कुआ म्हणजे खाणे, नी म्हणजे नेहमी करणारा. माणूसखाऊ. 'जग्वार' हा शब्द मेक्सिकोचा नाहीच, तो दक्षिण अमेरिकेतल्या तुपी-ग्वारानी भाषांतून पोर्तुगीजांमार्फत फिरत आला. नाउआत्लमध्ये जग्वारला 'ओसेलोत्ल' म्हणत, अ‍ॅझ्टेक पंचांगातल्या वीस दिवसचिन्हांतलं ते चौदावं. अठराव्या शतकात ब्युफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने ते नाव एका लहान रानमांजराला चिकटवलं, म्हणून आजचा ओसेलॉट जग्वारच्या पासंगालाही पुरत नाही. मराठीत 'जग्वार' लिहा. 'जॅग्वार' ही मोटारीची सावली आहे.

राहिलं फ्रेस्को. ते ओल्या चुन्यावर, गिलावा वाळायच्या आत, त्याच दिवशी संपवायचं काम. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवतात. दिएगो रिवेराने 1923 पासून मेक्सिको सिटीच्या शिक्षण मंत्रालयात केलं ते फ्रेस्को. वाळल्या भिंतीवर डब्यातल्या रंगाने किंवा स्प्रेने काढलेलं ते नव्हे. आणि मातीच्या कोरड्या गिलाव्यावर खळीत कालवलेल्या रंगांनी काढलेली अजिंठ्याची चित्रंही फ्रेस्को नव्हेत. या सगळ्यांना चालणारा शब्द भित्तिचित्र. एकटा शब्द भित्ती, दीर्घ. समासात ति ह्रस्व, कवी आणि कविराज यांच्यासारखा. तेव्हा फोटोखाली लिहा: वाहाका, जग्वारचं भित्तिचित्र.