मुलाला नैराश्य आले आहे. त्याला सावरताना स्वतःच्या काळजीचे काय करावे?

ताई, आपल्या १७ वर्षांच्या मुलाला नैराश्य असल्याचे निदान झाले आहे आणि त्याचा श्वास नीट चालू आहे ना, हे पाहायला आपण रात्री तीन-तीनदा उठता, हे वाचून मला तीन वर्षांपूर्वीचे आमचे सांगलीचे घर आठवले. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. एक मोजा पायात आणि दुसरा हातात धरून ती पलंगाच्या कडेवर अर्धा अर्धा तास बसून राहायची आणि मी दारातून "आवर लवकर" म्हणून ओरडायचो. मोजा चढवण्याइतकेही बळ तिच्यात उरलेले नाही, हे मला फार उशिरा कळले.

नातेवाइकांनी 'बाहेरचे पाहून घ्या' असे सुचवले, पण आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडेच गेलो, हे बरे झाले. त्यांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासले, कारण त्यातल्या बिघाडानेही असा थकवा येतो. मग गोळ्या आणि समुपदेशन सुरू झाले. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, सुरुवातीला बेचैनी वाढली तर लगेच डॉक्टरांना कळवावे लागते आणि बरे वाटू लागले तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात.

या काळात मी तिला दिवसातून दहा वेळा "आता कसं वाटतंय?" असे विचारत असे. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारलंत की तुमच्यासाठी मला बरं असल्याचं सोंग करावं लागतं." आजारी लेकरावर मी माझ्या काळजीचेही ओझे टाकत होतो! त्यानंतर आम्ही रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर नुसते चालायला जाऊ लागलो. बोललीच तर ऐकायचे, एवढेच ठरवले होते. दीड महिन्याने तिने परतताना स्वतःहून भडंगाची पुडी मागितली, तेव्हा घरी येऊन ती गोष्ट मी पत्नीला तीनदा सांगितली.

एक प्रश्न मात्र टाळू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे शांतपणे, सरळ विचारा, विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मनातले बोलायला त्याला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोळ्या आपल्याच ताब्यात ठेवा. आमची द्राक्षबाग असल्यामुळे फवारणीची सगळी औषधे मी घरातून हलवून कुलपात ठेवली आणि किल्ली भावाकडे दिली.

आता आपल्याविषयी. रात्रीचे उठणे एकटीने करू नका. आम्ही दोघांनी रात्री वाटून घेतल्या, तेव्हा कुठे मला सलग झोप मिळाली. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही मराठीत बोलता येते आणि पालकांनाही तिथे फोन करता येतो. मी एकदा रात्री दोन वाजता गच्चीवर जाऊन केला होता आणि बोलता बोलता रडलो होतो. मुलाच्या पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडे स्वतःसाठीही पाच मिनिटे मागा आणि हे रात्रीचे उठणे त्यांना अवश्य सांगा.